चादरीचं दुसरं टोक

प्रिय ताई,
तुझ्या धाकटीचा नमस्कार.

शाळेच्या वसतिगृहात गच्चीवर आपण दोघी चादरींच्या घड्या घालायचो, आठवतं? टोकं धरून तू तिकडून यायचीस, मी इकडून. नाकाला नाक लागून हसू फुटलं की सिस्टर ओरडायच्या. इथे हॉटेलात मी दिवसभर तेच करते, पण एकटीने. दुसरं टोक हनुवटीखाली धरते.

तब्येत बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

एक सांगायचं टाळत होते. खोली गेली. घरमालक दर वर्षी म्हणायचे, "मावशी, पर्यटकांचा हंगाम आहे, दोन महिने सोय बघा." या वेळी म्हणाले, "आता बारा महिने हंगामच." माझ्या पगारात इथे दुसरी खोली मिळत नाही. हॉटेलातच चादरींच्या कोठारात झोपते. ऊब असते, खिडकी नाही एवढंच. काल एक पाहुणी म्हणाली, "नशीबवान आहात, रोज डोंगर बघता." मी हो म्हटलं.

दादाकडे तू कसे दिवस काढतेस ते मला कळतं. पण माझ्याकडे राहायला येण्याचं आता मनातून काढून टाक. मलाही ते काढून टाकणं जमेलच.

कोठारात ठेवायला जागा नाही, म्हणून माझी ट्रंक पाठवतेय. शाल वहिनीला दे, चार दिवस तरी तुझ्याशी गोड बोलेल. पुस्तकं भाचीला. नवी रजई तू येशील म्हणून घेतली होती. तिची घडी तूच मोड.

तुझीच,
धाकटी