गरम पाण्याचा हट्ट

प्रिय अक्का,

तुला जाऊन अकरा वर्षं झाली. श्राद्धाला मी तुझ्याशी संस्कृतात बोलतो. ते तुला जिवंतपणीही रुचत नव्हतं. म्हणून हे मराठीत. काल तुझ्या लेकीला, सुनंदाला, हैदराबादेहून घेऊन आलो, आणि गप्प राहवेना.

पोरीचे पाय बधिर व्हायला लागले, एक डोळा महिनाभर धूसर झाला. गुलबर्ग्याला सासरचे म्हणाले, नखरे! साध्या स्कॅनमध्येही काही निघालं नाही, मग तर नखऱ्यांवर शिक्काच बसला. शेवटी हैदराबादच्या नव्या चुंबकाच्या यंत्रात तपासलं. एमआरआय म्हणतात त्याला. पाऊण तास ती नळीत निश्चल पडून. आणि जन्मभर वर्गात 'स्थिर बसा' म्हणणारा मी बाहेर येरझाऱ्या घालतोय!

डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढं धरली. मेंदूत ज्वारीचे दाणे सांडावेत तसे पांढरे ठिपके. "मल्टिपल स्क्लेरोसिस," ते म्हणाले. "मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं. गरम पाण्यानं अंघोळ केली की त्रास वाढतो का?"

"व्हय," सुनंदा म्हणाली. "आईचंबी तसंच व्हायचं."



औरादच्या घरी तुझे पाय असेच लटपटायचे. वैद्याला विचारायची गरज काय, माझ्याकडं ग्रंथ होता ना! वातव्याधी म्हटलं की स्वेदन, म्हणजे घाम काढणं. रोज तेल, वाफ, वर दोन घागरी कढत पाणी. मीच ओतायचो.

"आरे शास्त्री, नको की! गरम पानी पडलं की माझे पाय जायलेत."

"अक्का, आळसाला ग्रंथात औषध न्हाई."

सगळे हसले. तूही हसलीस. कामून हसलीस गं? शिवी हासडायची होतीस! मग भिंत धरून, एकेक पाऊल टाकत आत गेलीस.

डॉक्टर म्हणतात, उष्णतेनं रोग वाढत नाही, त्रास तेवढ्यापुरता. तुला हेच होतं का, तेही आता सांगता येत नाही; तुझी फिल्म कुठली? म्हणजे मी सुटलो. सुटलो का गं? तू सांगत होतीस, आणि मी श्लोक म्हणत होतो.

परतीच्या बसमध्ये सुनंदानं विचारलं, "मामा, आईचं कुनीच खरं मानलं न्हाई का?"

"जहीराबाद आलं वाटतं," मी म्हणालो. आलं नव्हतं.

उद्या तिची सासू तिला न्यायला इथं नौबादला, माझ्या घरी येतेय. त्या दोघींसमोर मी सांगेन की अक्का खरंच बोलत होती, आणि तिला आळशी ठरवणारा मी होतो. सुनंदा त्यानंतर माझ्याशी बोलेल की नाही, ठाऊक नाही. तरी सांगेन. शब्द देतो.

तुझा धाकटा,
दत्ता