दुसऱ्या मजल्यावरचा बस्ता

॥ श्री ॥
भोर, ता. ६ फेब्रुवारी १९४४

तीर्थस्वरूप सौ. आक्कास,
चिमाजीचा सा. न. वि. वि.

दादाचं तेरावं करून तू पासलीला परत गेलीस त्याला आज बारा दिवस झाले. आबा नाचणीची आंबील तेवढी घेतात आणि ओट्यावर बसून राहतात. मी शाळेत जातो. क्षेम असं लिहायला अजून हात जात नाही.

पत्राचं कारण वेगळं आहे. परवा हिर्डोशीचे कोंडिबा दुखवट्याला आले होते. मुंबईला दादा कापड विकायला होता, त्याच दुकानात ते हमाल होते. फोर्टातलं ते चारमजली दुकान गेल्या वर्षी कायमचं बंद झालं म्हणाले. दाराच्या पितळी मुठी काढून नेल्या, काचांना आतून कागद लावले. मला वाईट वाटलं. मी ते दुकान कधी पाहिलं नाही, पण तुझ्या लग्नाच्या बस्त्याची गोष्ट आबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की तिथला जिना मला डोळे मिटून चढता येईल.

ती गोष्ट सांगताना आबा अजून ताठ बसतात. दुसऱ्या मजल्यावर शालूंचं खातं, वर पंखे, मडमा उभ्यानेच कापड बघतायत, आणि आपली माणसं भोरच्या पेठेतल्या सवयीने फरशीवर मांडी घालून बसली. आधी आबा, मग आई, मग तू. बस्ता काय उभ्याने बघायचा असतो? दादाने बूट काढले, तोही समोर बसला आणि एकेक शालू तुमच्यापुढे उलगडला. एवढ्या मोठ्या दुकानाने या गेनबाला बसवून माल दाखवला, असं स्वतःचं नाव घेऊन म्हणतात आणि आबा जरा थांबतात. मग पुढचं ठरलेलं. असली सोन्यासारखी जागा त्या मस्तवालाने लाथाडली आणि भोरात येऊन बंड्या शिवत बसला.

कोंडिबा म्हणाले, लाथाडली नव्हती. तुम्ही स्टेशनाकडे निघालात, त्याच संध्याकाळी साहेबाने दादाला बोलावलं. गिऱ्हाइकापुढे विकणाऱ्याने बसायचं नाही, असा तिथला नियम. साहेब म्हणाला, ही खेडवळ माणसं चुकून आत शिरली, माझ्या ओळखीची नव्हती, एवढं लिहून दे, म्हणजे माफ. दादाने लिहून दिलं नाही. कोंडिबा दाराशीच उभे होते. महिना भरल्यावर दादाला काढलं.

हे आम्हाला ठाऊकच असेल, असं कोंडिबांना वाटलं होतं. आबा तेव्हा परसात होते, त्यांच्या कानावर गेलं नाही.

आता मला काही सुचत नाही. सांगावं, तर आपण खाली बसलो म्हणून पोराची नोकरी गेली, हे आबांना कळेल. न सांगावं, तर मरेपर्यंत ते दादाला मस्तवाल म्हणणार, आणि आता ते ऐकवत नाही. तू थोरली आहेस. तू ठरव. तोवर मी गप्प राहतो.

तुझा आज्ञाधारक,
चिमाजी


॥ श्री ॥
पासली, ता. १५ फेब्रुवारी १९४४

चि. चिमाजीस आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल वेल्ह्याहून आलेल्या माणसाने दिलं. वाचत बसले आणि भात लागला. सासूबाई म्हणाल्या, माहेरचं पत्र आलं की हिची चूल रुसती.

ती फरशी लई गार होती. आई दादाला थट्टेने म्हणत होती, साहेबा, एवढे भारी नको काढूस, आमच्या अंगावर ते रडतील. एक मडम वाकून माझ्या शालूचा काठ बघू लागली. दादा तिच्याशी इंग्रजीत बोलला. काय म्हणाली, असं आईने विचारलं, तर म्हणाला, तुझी लेक देखणी आहे म्हणते. आता वाटतं, ती तसं म्हणाली नसंल.

तुला एक सांगायचं राहिलंय. दादा मुंबई सोडून आला तेव्हा हितं बोलणं उठलं की दुकानातनं काढलाय, हात मारला असंल. दीर माझ्या शालूकडं बघून हसायचे. मी दादाला पत्र घातलं की खरं सांग, हा शालू सरळ आलाय का. त्याने उत्तर दिलं न्हाई. दोन भाऊबिजा मी माहेरी गेले न्हाई. तिसऱ्या वर्षी तोच पायी आला. मी ओवाळलं, पोळ्या वाढल्या, पण विचारलेलं माघारी घेतलं न्हाई. त्यानेही ते काढलं न्हाई. नंतर घेऊ, नंतर घेऊ करता माणूसच गेलं.

आबांना सांगू नको. दादाने बारा वर्षं बोलणी खाल्ली ती आबांची मान खाली जाऊ नये म्हणून. त्याने झाकलं ते आपण उघडायचं न्हाई. हितं मात्र मी सगळ्यांना सांगितलं, दिरांना पहिलं. ते म्हणाले, आता मेलेल्या माणसाला त्याचं काय. मी म्हणाले, मला हाये.

आबांना जप. भावंडांत आता दोघंच उरलो, एवढं ध्यानात असू दे.

तुझी आक्का,
रतन


॥ श्री ॥
भोर, ता. २४ फेब्रुवारी १९४४

तीर्थस्वरूप सौ. आक्कास,
चिमाजीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. मी रविवारीच सांगून बसलो होतो.

शेजारचे रखमाजी आले होते. आबांनी बस्त्याची गोष्ट सांगितली आणि शेवटी दादाला मस्तवाल म्हणाले. रखमाजी हसले. ते हसले नसते तर मी गप्प राहिलो असतो. परक्या माणसासमोर सगळं बोलून गेलो, साहेब काय लिहून मागत होता तेसुद्धा.

आबांनी विचारलं, साहेबापुढे जाताना बूट घालायला तरी वेळ मिळाला का त्याला. मला ठाऊक नाही, म्हणालो. नंतर म्हणाले, मला सांगायचं होतं त्याने. एक दिवस शिव्या दिल्या असत्या, बारा वर्षं कशाला दिल्या असत्या.

दादाला ते आता काही बोलत नाहीत. मला वाटलं, एवढं तरी बरं झालं. पण काल रखमाजी आपल्या जावयाला मुद्दाम घेऊन आले. रविवारचं मनावर न घेता म्हणाले, गेनबा, पाहुण्याला तुमच्या त्या मुंबईच्या दुकानाची गोष्ट सांगा. आबांनी जावयाला पाणी द्यायला सांगितलं. मग म्हणाले, मुंबईला मी कधी गेलोच नाही.

तुझ्या पत्राला थांबायला हवं होतं. सवड काढून ये. तुझा लोभ या चुकीसकट माझ्यावर राहू दे.

तुझा,
चिमाजी