पांढरी पडलेली अंगठी

रत्नागिरी,
आश्विन शुद्ध एकादशी, सन १९३३

ती. पुरुषोत्तमरावांस धाकट्या मेहुण्याचा, त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार.

हेदवीला सगळी खुशाल असतील, सासूबाईंचा दमा आटोक्यात असेल आणि तुमच्या वडिलांची मी भरलेली दाढ ठणठणीत असेल, असे धरून चालतो. माझी प्रकृती उत्तम आहे (विचारले कुणी नाही, म्हणून आपणच सांगतो).

मामंजींनी तिकडे काय सांगितले असेल ते मी जाणून आहे. आता माझी बाजू ऐका. दाढ भरायची म्हणजे चांदीचा कीस पाऱ्यात खलायचा, तो गोळा तळहातावर मळायचा, कातड्यात पिळून जादा पारा काढायचा आणि घट्ट व्हायच्या आत खळग्यात ठासून बसवायचा. पारा लागला की सोने पांढरे पडते. म्हणून कामाआधी मी लग्नातली अंगठी काढून मालनकडे देतो आणि ती पदराला गाठ मारून ठेवते. (गाठ सोडताना रोज विचारते, ‘आज कुणाकुणाला रडवलंत?’ मला ते ऐकायची सवय झाली आहे.) त्या दिवशी ती वडिलांसाठी मऊभात करण्यात गुंतलेली आणि खुर्चीत साक्षात सासरे! माझे भान कुठले राहायला? गोळा मळता मळता त्यांनीच दिलेली अंगठी त्यांच्या डोळ्यांदेखत कथलासारखी झाली. तोंडात कापूस असल्यामुळे बोलता येईना, पण डोळे अंगठीवरून माझ्यावर आणि माझ्यावरून अंगठीवर फिरत होते. कापूस निघताच म्हणाले, “माझं सोनं विकून मुलाम्याची घातलीत होय हो? उद्या पोरीलाही विकाल!” मी पाऱ्याचे समजावून सांगेपर्यंत ते मालनला घेऊन हेदवीच्या शिडाच्या मचव्यात बसलेसुद्धा. वडिलांचा शब्द मोडायची तिची छाती नाही. वळून मात्र तिने पुन्हा पुन्हा पाहिले. मऊभात मग मीच खाल्ला.

काल दसरा झाला. आपट्याची पाने आणली, पण द्यायची कुणाला? शेवटी रोग्याच्या खुर्चीवर ठेवून नमस्कार केला. घर खायला उठते हो. दुपारी कुणी कण्हत आले तरी बरे वाटते, इतका मी एकटा पडलो आहे.

सासूबाईंस नमस्कार. मालनला काय लिहावे ते सुचत नाही.

तुमचा,
त्र्यंबक

ता. क. दाढ ठणठणीत असेल असे वर लिहिले, ते खरे नव्हे. गडबडीत ती घासायची राहिली, तेव्हा जिभेला टोचत असणार. मामंजींना राग गिळून एकदा यावेच लागेल.

आणखी ता. क. सोनाराने अंगठी विस्तवावर धरली, पारा उडाला आणि सोने पुन्हा पिवळे झाले. ती मचव्यावरच्या हारुन तांडेलाच्या हाती पाठवली आहे. हव्या त्या सोनाराकडे कस लावून पाहा. मात्र परत टपालाने पाठवू नका. मालनच्या पदराला बांधून पाठवा.