बरा झालेला हात

आबा, आज सकाळी धुळ्यातल्या माझ्या व्यायामकेंद्रात हात मोडलेल्या एका बाईच्या नवऱ्यानं मला तुमचाच प्रश्न विचारला, म्हणून इतक्या वर्षांनी लिहायला बसले आहे. तुम्ही हाडं बसवायचात, मी बसलेल्या हाडांना व्यायाम आखून देते. लोक म्हणतात, लेक बापावर गेली. माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

बाई पिंपळनेरची, माहेर इथलं. मनगटाच्या चार बोटं वर हाड मोडलेलं. नवरा म्हणाला, गाडीवरून पडली. आबा, डोक्यावर येणारा दांडा हातावर झेलला की हाड तिथं मोडतं, आईचंही तिथंच मोडलं होतं. पारोळ्याच्या घरात तुम्ही दाराचा अडसर काढून तिला मारलंत, ती भिंतीशी कोसळली तरी मारत राहिलात. हाड कडकन वाजलं तसा अडसर बाजूला ठेवून घाम पुसलात आणि बांबूच्या पट्ट्या आणायला सांगितल्यात. हाड असं सुरेख बसवलंत की गाव वाखाणत राहिलं. त्या सुरेखपणाचा मला जास्त राग येतो.

हात झोळीत असेपर्यंत तुम्ही तिला मारलं नाहीत, आपलं काम बिघडू नये म्हणून. आईनं हे ओळखलं. दोन महिन्यांत हात बरा झाला, पण ती पुढं पाच महिने झोळी गळ्यात घालून वावरली. तुम्ही बाहेर पडलात की त्याच हातानं भरलेला हंडा उचलायची आणि मला डोळ्यांनी दटावायची. मी आठ वर्षांची. एका बाजाराच्या दिवशी तुम्ही जिलबी आणलीत, मला मांडीवर घेतलंत, एरवी कधी घेत नव्हतात, आणि विचारलंत, "खरं सांग, तुनी माय तो हात हालावस का?" मी सांगून टाकलं. तुम्ही तिला फरफटत आणून तो हात उंबऱ्यावर ठेवलात आणि त्यावर पाय दिलात. मी जिलबी धरून उभी होते. या खेपेला हात वाकडाच बसला.

पिंपळनेरच्या बाईला मी सहा आठवडे आखून दिले होते: आधी बोटं, मग मनगट, शेवटी पाण्याची बाटली उचलणं. आज बाटलीचा दिवस. नवरा चहाला गेला तेव्हा तिनं ती सहज उचलली. तो आत आला आणि तिची बोटं सैल पडली, बाटली खाली. त्यानं तिचा हात धरून पिरगाळला. ती किंचाळली. तो मला म्हणाला, "डाक्टर, खरं सांगा, हात बरा व्हई गया ना? भाकरी कवय थापी ही?" भाकरी कधी थापणार, एवढीच त्याला घाई.

मी त्याचं मनगट पकडून तिचा हात सोडवला. कुठल्या बाजूला पिळलं की काय तुटतं, हे मला तुमच्याहून जास्त कळतं, आणि क्षणभर ते तोडायची फार इच्छा झाली. मग म्हणाले, "नाही. अजून तीन महिने. रोज इथं यायचं, माहेरीच राहायचं." तसं लिहून शिक्का मारून दिलं. धडधडीत खोटं. तीन महिन्यांनी काय, ते ठरवायला तिच्या आईला उद्या बोलावलं आहे.

माझी आई आत भाकरी थापते आहे. वाकड्या हातामुळे एक कड जाडच राहते. तिला अजून वाटतं, शेजारच्या काकूनं चुगली केली. काकू वारली तेव्हाही ही तिच्या दारी गेली नाही, आणि मी गप्प बसले. हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्हाला ते आधीच माहीत आहे.