थरथरणाऱ्या पडद्याविषयी मकबूलचाचांस

मुक्काम नवे गाव, तालुका औसा, जिल्हा लातूर
दसऱ्यानंतरचा दुसरा रविवार, २००१

देगलूरच्या मकबूलचाचांना राजकन्येचा आदाब, आणि त्यावर नमस्कारही. (दोन्हींपैकी एक कमी पडू नये म्हणून दोन्ही लिहिले आहेत.)

बानोचाचींच्या गुडघ्याला आता उतार असेल, अशी आशा आहे. आपल्या दुकानातील, दुरुस्त झालेले पण कोणीच न्यायला न आलेले रेडिओही आपापल्या फळीवर सुखरूप असतील. आमच्याकडे सर्व ठीक. आईने आपल्यासाठी शेंगदाण्याची चटणी बाजूला काढून ठेवली आहे. देगलूरकडे येणारे कोणी भेटताच पाठवीन. आपला चष्मा नेहमीप्रमाणे आताही सापडत नसेल, त्यामुळे हे पत्र आपली लेक रुखसारच आपल्याला वाचून दाखवील, असे गृहीत धरून लिहीत आहे. (रुखसार, कंसातला मजकूर मोठ्याने वाचायचा नाही, तो तुझ्यासाठी आहे. वरचा एक कंस वाचून झालाच असेल, तर असू दे.)

आपण मला लातूरच्या वसतिगृहाच्या फाटकात पुष्कळदा पाहिले आहे. माझा आवाज मात्र बहुधा ऐकलेला नाही. रुखसारला न्यायला आपण आलात की मी पुस्तक तोंडासमोर धरून उभी राहत असे. एकदा ते उलटे होते, हे आपण पाहिलेत आणि काहीही बोलला नाहीत, याबद्दल मी आजही आपली ऋणी आहे. बोलण्यापेक्षा लिहिणे मला सोपे जाते, म्हणून हे पत्र लांबेल. क्षमा असावी.

लातूरला शिकायला गेलेल्या प्रत्येक मुलीने डॉक्टर होऊनच एसटीतून उतरावे, अशी आमच्या गावाची अपेक्षा असते. शहरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या, पाट्यांवर गुणवंतांचे फोटो. त्यांत माझा फोटो नव्हता. दहावीला मराठी माध्यमातून केंद्रात पहिली आलेली मी संगणकशास्त्राची पदवी घेऊन परतले, तेव्हा ‘मंग सुई कवा टोचाय लागणार?’ असे मला विचारण्यात आले. खरे सांगायचे तर संगणकाशीही माझा परिचय ग्रंथद्वारेच झाला होता. ‘संगणकाचे भाग सांगून आकृती काढा’ या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते. परंतु प्रयोगशाळेत चपला बाहेर काढून मी त्या यंत्रासमोर इतका वेळ हात बांधून उभी राहिले, की सर म्हणाले, दर्शन झाले असेल तर बाजूला व्हा. चालू करायचे बटण रुखसारने दाबले. (तेव्हापासून ते तूच दाबत आली आहेस.)

तर चाचा, भूकंपानंतर सरळ रेघांत वसवलेल्या आमच्या या नव्या गावाला यंदा एका संस्थेने एक संगणक आणि एक प्रिंटर दिला, आणि शिकवायला चक्क मला नेमले! आयुष्यातली पहिली नोकरी, तीही स्वतःच्या गावात! अट एकच होती. दसऱ्यानंतर पाहणीला साहेब येतील. गाव यंत्राजवळ फिरकत नाही असे त्यांना दिसले, तर यंत्र तालुक्याला जाईल आणि मी घरी बसेन.

पहिला पंधरवडा मी समाजमंदिरात संगणकाच्या इतिहासावर व्याख्याने दिली. वीज क्वचितच असे, त्यामुळे इतिहासाला भरपूर वाव होता. श्रोते दोन. पहिला व्यंकटी. समाजमंदिराच्या भिंतीला लागूनच त्याची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीतच गावाचा एसटीडी फोन. वीज आली की तो वाक्याच्या मध्यावर उठून जाई. दुसऱ्या श्रोत्या केवळाबाई. आठ वर्षांपूर्वीच्या त्या पहाटे दगडमातीचे घर अंगावर आले आणि त्यातून घरातल्या त्या एकट्याच निघाल्या. तेव्हापासून त्या छताखाली झोपत नाहीत, बसतही नाहीत. माझ्या वर्गातही त्या उंबऱ्यावरच बसत, एक पाय बाहेर ठेवून. आत बोलावले की म्हणत, ‘तू सांग बाई, मला हितनं लई चांगलं ऐकू येतंय.’

एका संध्याकाळी वीज आली. मी संगणक लावला, अक्षरे उमटली, आणि पाहता पाहता पडद्यावरचे सगळे चित्र पाण्यात पडल्यासारखे थरथरू लागले. केवळाबाई क्षणात मैदानात. ‘भाईर ये बाई! त्येला कळलंय!’ मी विद्युतदाबातील चढउतारांविषयी दोन सुबोध वाक्ये जुळवीत होते. ती आजतागायत माझ्यापाशीच आहेत. कारण दुर्दैवाने गावात जेवणे उरकत होती तेवढ्यात खरोखरच एक बारीकसा धक्का बसला. भांडी किणकिणली, बस्स. पण सकाळपर्यंत गावाचे एकमत झाले होते, की जनावरांना जसे आधी कळते तसे या यंत्रालाही कळते.

भुजच्या भूकंपाची बातमी आल्यापासून लोक पुन्हा अंगणात झोपू लागलेच होते. आता दर संध्याकाळी समाजमंदिर भरू लागले! पडद्यावर टक लावून बसायचे. ‘हललं का?’ ‘न्हाई आजून.’ ‘गप ऱ्हावा की, त्येला बोलल्यालं कळतंय.’ नुसते बसून काय करायचे, म्हणून मी एकेकाला कळफलकावर आपले नाव उमटवायला लावले. मग लेकराचे नाव, मग सोयऱ्याधायऱ्यांची. चाचा, साधा अर्ज लिहून घ्यायला ज्या गावचे लोक औशाची एसटी धरत, तिथे आता बायका स्वतःचा अर्ज स्वतः करण्यासाठी भांडून पाळी घेतात! व्यंकटीने आपल्या हाताने छापलेला कागद गिरणीवर डकवला: ‘आधी जोंधळा, मग गहू. भांडू नये.’ लोक तो वाचायला येतात आणि त्यावरून भांडतात. मी, जिने वर्गात कधी हात वर केला नाही, ती मी आता साऱ्या गावाला ‘रांगेत या’ असे ओरडून सांगते. (खरेच ओरडते. विश्वास ठेव.)

मात्र याच सुमारास माझ्या ध्यानात आले, की पडदा थरथरतो तो नेमका गिरणी सुरू झाली की. भिंतीच्या पलीकडे मोटार, अलीकडे संगणक. तेव्हा टेबल समोरच्या भिंतीला नेले तर ही थरथर थांबेल काय, हे आपल्यासारख्या अनुभवी माणसाला विचारावे, हाच या पत्राचा उद्देश आहे. (रुखसार, चेहरा सरळ ठेव.) परंतु थरथर थांबली की गावही यायचे थांबेल, या भयाने मी टेबल तसूभरही हलवले नाही. विज्ञानाची पदवीधर मुलगी विज्ञान झाकून ठेवते आणि त्या आडोशाला विज्ञान शिकवते, या पेचावर कोणत्याही पाठ्यपुस्तकात प्रकरण नाही.

परवा शुक्रवारी साहेब आले. व्यंकटीने गिरणीच्या जात्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, की साहेब जाईपर्यंत मोटार लावणार नाही. साहेबांनी दारात बूट काढले, आतली गर्दी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. व्यंकटी त्यांना स्वतःचे नाव उमटवून दाखवत होता. तेवढ्यात वीज आली. यंत्र तोवर साहेबांनी सोबत आणलेल्या बॅटरीवर चालले होते, कारण आमच्याकडे विजेचे दर्शन दुर्मिळ. बाहेर जोंधळ्याच्या टोपल्या घेऊन ताटकळणाऱ्यांपैकी कोणीतरी व्यंकटीची वाट न पाहता स्वतःच गिरणीचा खटका ओढला. साहेबांच्या नाकासमोर पडदा असा थरथरला, की त्यांचा चष्माही थरथरल्यासारखा वाटला.

‘हललं!’

यानंतर काय झाले ते मी नीटसे पाहिले नाही, कारण मी डोळे मिटून जागच्या जागी गोठले होते. ती गिरणी आहे, हे त्या खोलीत मला एकटीला पक्के ठाऊक होते. पण त्या पहाटे मी तेरा वर्षांची होते, चाचा, आणि अंगाला शास्त्र कळत नाही. लोक बाहेर धावले, खोली रिकामी झाली, मी तशीच. आणि मग कोणीतरी माझी वेणी धरून मला ओढले. केवळाबाई! उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकणाऱ्या केवळाबाई पार शेवटच्या भिंतीपर्यंत आल्या होत्या. एका हातात माझी वेणी, दुसऱ्या हातात कळफलक. ‘चल गं येडे!’

मैदानात पाहते तो काय, व्यंकटीने मॉनिटर उचलून आणला होता, बायकांनी संगणकाचा डबा चादरीत गुंडाळून बाळंतिणीच्या लेकरासारखा मांडीवर घेतला होता, आणि साहेब अनवाणी, सराट्यांत उभे. केवळाबाईंनी त्यांना खाली बसवले, कमरेचा काटे काढायचा चिमटा काढला आणि त्यांचा पाय हातात घेतला. ‘आत कोन ऱ्हायलंय का तुमचं?’ साहेब म्हणाले, माझे बूट. मग सगळे शांत झाले आणि त्या शांततेत गिरणीची घरघर अगदी स्पष्ट ऐकू आली. गावाने गिरणीकडे पाहिले, मग मॉनिटरकडे, मग माझ्याकडे. माझ्याजवळ पुस्तक नव्हते, नाहीतर तोंडासमोर धरले असते.

यंत्र पुन्हा आत नेऊन जोडले, तर पडदा संपूर्ण गुलाबी! साहेब म्हणाले, गर्दी उत्तम आहे, पण पुण्याचा इंजिनिअर तिमाहीत एकदा येतो. यंत्र नीट करणारे माणूसच नसेल, तर मला ते हलवावे लागेल. तेव्हा मी गिरणीत धावले आणि पिठाने पांढऱ्या झालेल्या फोनवरून एका जाणकार व्यक्तीला फोन लावला. (खोकू नकोस.) ती व्यक्ती फोनवर बोले, मी ते गिरणीच्या दारातून ओरडे, केवळाबाई समाजमंदिराच्या उंबऱ्यावरून तेच आपल्या भाषेत पुढे ढकलत आणि आत व्यंकटी करी. ‘आधी समदं बंद कर म्हनती!’ ‘वायरीच्या तोंडात बारीक काड्या हायती, बघ!’ ‘एक मान टाकल्यावानी हाय? मंग तीच!’ खेचाखेचीत प्लगमधली एक काडी वाकली होती. साहेबांचे सराटे काढलेल्या त्याच चिमट्याने ती सरळ झाली, आणि पडद्यावर सगळे रंग परत आले! गावाने टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या, एका पायावर उभे राहून.

बानोचाचींना माझा आदाब. घरातल्या लहानांना आशीर्वाद देण्याइतकी मी मोठी नाही, म्हणून त्यांना नुसती आठवण.

आपली नम्र,
राजकन्या

ताजा कलम: टेबल काल समोरच्या भिंतीला नेले. पडदा आता देवघरातल्या समईसारखा स्थिर आहे. त्यामुळे वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये. गाव यायचे थांबेल, ही माझी भीतीही खोटी ठरली. संध्याकाळी समाजमंदिर पुन्हा भरले. मी कारण विचारले, तर एक म्हातारे म्हणाले, ‘हलना तर हलना. माज्या नातीचं नाव ऱ्हायलंय.’

दुसरा ताजा कलम: रुखसारने इथे वाचन थांबवून पत्र चाचांच्या हाती द्यावे. चाचा, चष्मा आपल्या कपाळावर आहे.

फोनवरची जाणकार व्यक्ती रुखसार होती. दुकानातला फोन मुलींनी उचलायचा नाही, हा आपला नियम मला माहीत आहे. परंतु तो शुक्रवार होता, आपण जुम्म्याच्या नमाजला गेला होतात, आणि फोन फार वेळ वाजत राहिला. टेबल हलवण्याचा उपायही तिचाच, तोही दसऱ्याच्या आधीचा. दुकानातल्या पडद्याआड बसून आपल्या शेजारी ती रेडिओच्या तुटक्या तारांना कथलाचा डाग देते, ते तिला आपणच शिकवले आहे. साहेबांनी विचारले, ही कोण? मी सांगितले. ते म्हणाले, दुरुस्ती जाणणारी शिक्षिका नेमायला पगाराची तरतूद आहे, माणूसच मिळत नव्हते. नव्या वर्षात मी येईन तेव्हा ती इथे असेल, तर यंत्रही इथेच राहील, आणि आणखी दोन येतील. रमजान ईद तिने घरीच करावी, मग यावे. आमच्या घरी राहील. नमाजासाठी आतली खोली आईने आजच रिकामी केली आहे. आपण ‘देखेंगे’ म्हणालात की त्याचा अर्थ नाही असा होतो आणि काहीच न बोलता चहा मागवलात की होकार असतो, हे रुखसारने मला वसतिगृहातच सांगून ठेवले आहे. तरी कृपया चहा मागवावा.

तिसरा ताजा कलम: रुखसार, दुसरा ताजा कलम तू वाचलास, हे मला ठाऊक आहे. चहात साखर जास्त घाल.

चौथा ताजा कलम: परक्या गावात एकटी पोर, लोक काय म्हणतील, हे आपल्या मनात येणारच, असे मी काल वर्गात बोलले. त्यावर केवळाबाईंनी मला बाजूला सारले आणि एकेक अक्षर शोधत बराच वेळ खपून एक कागद छापला. तो जसाच्या तसा सोबत जोडला आहे:

‘भाऊ, पोरीला धाडा. म्या दारातच बसते. आदी भ्या वाटायचं म्हनून बसत व्हते. आता राखनीला बसंन. केवळाबाई.’