अटीची ओवाळणी

गंगापूर रोड, नाशिक
५ ऑक्टोबर २०२५

चि. निकितास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू नुसतं हं हं करतेस, म्हणून लिहायला बसले. वणीहून तुझ्या खंडेरावमामाचा निरोप आला. जमिनीच्या हक्कसोडावर सही करणार असशील तरच भाऊबीजेला ये, म्हणाला. जमिनीची मला हाव नाही, पण माहेर तुटेल याची धास्ती वाटते. तू राज्यांची भांडणं लढतेस, आता आईनं काय करावं ते सांग. आणि वेळेवर जेवत जा.

उत्तराची वाट पाहणारी,
आई

नवी दिल्ली
१२ ऑक्टोबर

ती. आईस सा. न. वि. वि.

परवा आमच्या राज्याचा खटला निघाला. शाळांचा मंजूर निधी केंद्रानं अडवलाय, आणि अट काय, तर आरोग्याच्या भलत्याच करारावर सही करा. न्यायमूर्तींनी विचारलं, अट नको तर निधी नाकारा की. आमचे मोठे वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले, मग मलाच उभं राहावं लागलं. मी म्हटलं, शिक्षकांचे पगार त्यावर चालतात, नाकारणार कसा? आमच्याकडे भाऊबीजेला किती ओवाळणी घालायची ही भावाची मर्जी, पण आधी जमिनीचा हक्क सोड म्हणाला, तर ती ओवाळणी उरत नाही, सौदा होतो. निकाल लागायचाय, पण तोवर त्या अटीपायी निधी अडवू नका, असा आदेश मिळाला.

वकील म्हणून सांगते, सही करू नकोस. मुलगी म्हणून सांगते, वणीला जा.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
निकिता

नाशिक
२४ ऑक्टोबर

चि. निकितास अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल सही न करता गेले. दादानं, म्हणजे तुझ्या मामानं, पेपरातली तुझी बातमी गल्लीभर वाचून दाखवली होती. भाचीनं दिल्लीला गप्प केलं, म्हणे. मग हसत हसत मला विचारलं, हा ओवाळणी अडवणारा हलकट भाऊ कुणाचा? निरांजन हातात धरूनच मी सांगितलं, माझा.

वहिनी चहा गाळायची थांबली. निकितानं कोर्टात माझं नाव तर घेतलं नाही ना, एवढं दादानं दोनदा विचारलं. मग टोपी सारखी करून कपाळ पुढे केलं. ओवाळून झाल्यावर मला बागेत घेऊन गेला. द्राक्षांची छाटणी चालू आहे. मजुरांना म्हणाला, इथून पुढच्या ओळी ताईच्या, कशा छाटायच्या ते तिलाच विचारा.

निकिता, मला छाटणीतलं काही कळत नाही. तरी मी सांगितलं.

तुझा अभिमान बाळगणारी,
आई