मागच्या खोलीची भिंत

८ नोव्हें., शनि.
ग्रेगने घर विकायला काढलंय. घरमालक स्वतः ब्रिस्बेनला, एक फोनही नाही. एजंट डॅनीकडून कळलं. लीज जानेवारीअखेर संपतंय, पुढे नाही. इरा रांगायला लागली ती याच फरशीवर.
सचिन म्हणाला, "आपणच घेऊ." कॅनबेराची स्कीम आहे, पाच टक्के भरायचे, बाकीच्या डिपॉझिटची हमी सरकार घेतं. मी लगेच मनात मागच्या अंगणात कढीपत्ता लावून मोकळी.

११ नोव्हें., मंगळ.
बँक: नाही. सचिनचं गॅस प्लांटवरचं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपतं, माझ्या एकटीच्या पगारावर नाही देत. बाई फार गोड बोलली.

१५ नोव्हें., शनि.
ओपन हाउस. गाड्या कोपऱ्यापर्यंत. लोक आमची कपाटं उघडून बघत होते. एकीने इराच्या खोलीत पलंग किती मोठा मावेल ते पावलांनी मोजलं, इरा पलंगावर बसलेली असताना.
डॅनी खूश. सगळे पहिलं घर घेणारे, सगळ्यांच्या तोंडी तीच स्कीम. मी विचारलं, नवीन घरं बांधणार होते ना? म्हणाला, "दे आर कमिंग, मेट."
ढग रोज चढतात, काळे होतात, पडत काही नाही. हवा अंगाला चिकटते.

१८ नोव्हें., मंगळ.
सकाळी इराच्या खोलीत खिडकीखाली पंखच पंख. बारीक, पारदर्शक. झाडूने ओढले तर उडतात. वाळवी.
सचिनने पलंग सरकवला, भिंत वाजवली. खिडकीकडे घट्ट. पलंगामागे पोकळ. खालच्या लाकडी पट्टीत स्क्रूड्रायव्हर लावला, तो मुठीपर्यंत आत गेला. जोरही लावला नव्हता. इराला आमच्या खोलीत हलवलं.
डॅनीला फोन. "थँक्स, लीव्ह इट विथ मी."

२० नोव्हें., गुरु.
पेस्ट कंट्रोलवाला येईल वाटलं होतं. रंगारी आला. फिलर भरला, पट्टी बदलली, वर पांढरा रंग. खोली एकदम नवी दिसते.
सचिन: "आपल्याला काय करायचंय? आपण जाणारच आहोत."

२३ नोव्हें., रवि.
पल्लवी-निखिलकडे जेवायला, इरा त्यांच्या रियाबरोबर आत खेळत. मिसळ. युनिव्हर्सिटीत असताना आम्ही चौघं एका घरात राहायचो, तेव्हापासूनची तिची मिसळ, फरसाण इथलं असूनही जमते. पण आज ती जरा जास्तच विचारत होती. दुपारी ऊन कुठून येतं? एसी किती जुना? शेजारचा कुत्रा भुंकतो का? मी सगळं सांगत बसले.
येताना गाडीत इरा: "मम, रिया सेज माय रूम इज गोइंग टू बी हर्स."
सचिनने रेडिओ बंद केला.

२४ नोव्हें., सोम.
मीच पल्लवीला फोन केला. "सांगणारच होते गं," म्हणाली. मग रडायला लागली. "स्कीममध्ये स्वतःच राहावं लागतं. नाहीतर तुम्हालाच ठेवलं असतं ना!" मला राग यायच्या आत तिचं रडू आलं, मग मीही रडले. भिंतीचं राहूनच गेलं.
सचिनला विचारलं, सांगायचं ना? "सांग. पण ती कशावरून विश्वास ठेवेल?"

२६ नोव्हें., बुध.
माझ्या हॉस्पिटलच्या कॅंटीनमध्ये पल्लवी भेटली. सगळं सांगितलं. पंख, स्क्रूड्रायव्हर, रंगारी. म्हटलं, पेस्ट कंट्रोलवाल्याला आण, मग सही कर.
"डॅनी म्हणतो, तसली अट घातली की आपली ऑफर सगळ्यात खाली. बाकीचे बिनअटीच देतायत. आणि तुम्ही राहिलातच ना इतकी वर्षं?"
मग तिने माझ्याकडे नीट बघितलं.
"मधुरा, खरं सांग. आम्ही घर घेऊ नये असं वाटतंय ना तुला?"
"वाटतंय. पण भिंतही पोकळ आहे."
ती उठली. कॉफी तशीच. लॅबमध्ये परतल्यावर दुपारभर एकच स्लाइड पुन्हा पुन्हा बघत होते.

२९ नोव्हें., शनि.
विकलं. निखिलचा सचिनला मेसेज: घर मिळालं, पुढे हात जोडलेला इमोजी. पल्लवीचा काहीच नाही.

१४ डिसें., रवि.
घर शोधणं चालू. आजचंही गेलं. एका फ्लॅटसाठी जिन्यात रांग. आमच्या पुढे तान्हं बाळ घेतलेलं जोडपं, मला त्यांचाच राग येत होता. चांगलं नाही हे.
पाऊस सुरू झालाय. इराच्या खोलीतला नवा रंग एका जागी फुगलाय. मी दार लावून घेते.

२४ जाने., शनि.
शहराबाहेर पामर्स्टनला एक बेडरूमची जागा मिळाली. तिघांचे पलंग लागले की चालायला जागा नाही. मिळाली हेच खूप.
या घराच्या किल्ल्या घ्यायला निखिल एकटा आला. त्याला मागच्या, इराच्या खोलीत नेलं. "अंगठा ठेव इथे." त्याने ठेवला. रंग आत गेला, ओल्या पुठ्ठ्यासारखा. अंगठा काढून त्याने शॉर्ट्सला पुसला.
"आता काय," म्हणाला. "सेटलमेंट झालीये, घर आमच्या नावावर आलं."
"आज तरी कोणाला बोलव."
"बघू. आधी सामान येऊ दे." मग दारातून, हळू, "पल्लवीला परत नको सांगूस. प्लीज."

८ फेब्रु., रवि.
टिमोर समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय. अजून वादळ नाही, पण रेडिओवर दर तासाला सांगतात. सचिन बाल्कनीतल्या कुंड्या आत घेत होता, संध्याकाळी फोन वाजला. पल्लवी. इतक्या दिवसांनी. दोघी शाळेच्या युनिफॉर्मबद्दल बोललो.
मग म्हणाली, "रियाला आमच्यातच झोपवतोय सध्या."
"का गं?"
"तिला भिंतीत आवाज येतो म्हणते." मग, "मलाही आला काल."
तिच्याकडे वारा सुटला होता, छपराचा पत्रा वाजत होता.
"आज इकडे या," मी म्हटलं. "आत्ताच निघा. जमिनीवर झोपू सगळे."
"निखिल नाही म्हणेल गं. घर सोडून कुठे, म्हणतो."
"तू आणि रिया तरी या."
"बघते," म्हणाली. पण फोन ठेवेना. मीही ठेवला नाही.